घोड्यावरच्या पैजेचं घर पोरांच्या हाती कसं गेलं

माझ्याकडे वर्षातून दोन-तीन जण तरी हमखास हा विषय घेऊन येतात. गावाकडे वाडा आहे, भाऊबंद सगळे मुंबई-पुण्यात नाहीतर पार अमेरिकेत, वाडा नुसता पडून आहे, तर तिथे मुलांसाठी ट्रेनिंग सेंटर, शिबिर केंद्र असं काहीतरी काढलं तर? शिबिरं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली त्यामुळे लोकांना वाटतं याला विचारावं. आणि मी हो-नाही काही न बोलता इंग्लंडमधल्या एका घराची गोष्ट सुरू करतो, ती लांबत जाते, चहावर साय धरते, समोरचा घड्याळ बघायला लागतो. म्हणून म्हटलं एकदाची सगळी लिहूनच काढू, पुढच्या वेळी हेच वाचायला देऊन मोकळा.

घराचं नाव एव्हन टिरेल. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगणा, त्यात न्यू फॉरेस्टच्या कडेला ब्रान्सगोर नावाचं गाव, त्याच्या जवळ. नावात न्यू असलं तरी हे जंगल विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात शिकारीसाठी राखून घेतलेलं, म्हणजे देवगिरीचे यादव स्वतंत्र व्हायच्याही शंभरेक वर्षं आधीचं. ११०० साली त्याच राजाच्या मुलाला, विल्यम रूफसला, याच जंगलात शिकार करताना बाण लागला आणि तो गेला, बाण सोडणारा म्हणून वॉल्टर टिरेलचं नाव घेतात, आणि तो पळून जाताना एव्हन नदी जिथून ओलांडली ती जागा म्हणे टिरेल्स फोर्ड. घराच्या नावातला टिरेल तोच का, या भानगडीत मी पडत नाही. आपलं घर त्यानंतर आठशे वर्षांनी बांधलेलं, राणी व्हिक्टोरियाच्या शेवटच्या दशकातलं.

आणि त्याची सुरुवात, निदान लोक सांगतात त्याप्रमाणे, एका पैजेपासून होते.

जॉन मॅनर्स, तिसरे लॉर्ड मॅनर्स. वय वर्षं २९, ग्रेनेडियर गार्ड्स या ब्रिटिश पलटणीत अधिकारी, घोड्यांचं वेड. पैज अशी की घोडा विकत घ्यायचा, तयार करून घ्यायचा, आणि ग्रँड नॅशनल ही शर्यत स्वतः त्याच्यावर बसून जिंकून दाखवायची. ज्यांना या शर्यतीची कल्पना नाही त्यांच्यासाठी, लिव्हरपूलजवळ एनट्री नावाच्या ठिकाणी होते, सात किलोमीटरच्या आसपास पल्ला, वाटेत कुंपणं आणि खड्डे, पट्टीचे जॉकी उडून पडतात. आता घोडा कुठला, तर सीमन. लहान चणीचा. आयर्लंडचा हेन्री लिंडे नावाचा ट्रेनर होता, १८८० आणि १८८१ अशा लागोपाठ दोन ग्रँड नॅशनल त्याच्या घोड्यांनी मारलेल्या, त्याचं मत पडलं की सीमनचे पाय काही ही मेहनत सोसायचे नाहीत, सबब त्याने तो लॉर्ड साहेबांना २,००० पौंडांना विकून टाकला आणि स्वतःचा सायरस नावाचा घोडा शर्यतीला ठेवला, वर टॉमी बीझली, जो आधीच्या दोन्ही वर्षांचा जिंकलेला जॉकी.

मार्च १८८२. त्या दिवशी बर्फ पडत होतं. १२ घोडे सुटले. एकेक करून पडत, थांबत, शेवटी उरले तीन. पुढे सायरस आणि सीमन, मागे बऱ्याच अंतरावर झोईडोन. शेवटच्या अडथळ्यापाशी सीमनचा पाय गेला, लिंडे म्हणाला होता तसाच, आणि तिथून पुढे तो घोडा अक्षरशः तीन पायांवर धावला, वर बसलेला माणूस धंदेवाईक जॉकी नाही, शेजारी बीझलीसारखा वाघ, आणि तरी शेवटच्या रेषेवर सीमन पुढे. अंतर किती, तर एका मुंडीचं. लिंडेची तिसरी लागोपाठची ट्रॉफी त्यानेच विकलेल्या घोड्याने घालवली. हे जरी कुणी कादंबरीत लिहिलं असतं तरी आपण म्हटलं असतं, अहो जरा आवरा.

तर पैजेच्या पैशातून घर, अशी ही गोष्ट. ऐकायला झकास आहे, पण मी हिशेबाचा माणूस, मला इथे एक खटका लागतो. शर्यत १८८२ ची, घराचं काम सुरू झालं १८९१ च्या सुमारास. मध्ये नऊ वर्षं गेली. आणि त्या नऊ वर्षांत काय झालं, तर १८८५ साली लॉर्ड मॅनर्सचं लग्न झालं कॉन्स्टन्स हॅम्लिन-फेन यांच्याशी, आणि एव्हन टिरेलची जमीन ही त्यांच्या माहेरची. थोरल्या इस्टेटीची वाटणी अशी की डेव्हनमधलं क्लोव्हेली, ते समुद्रकाठच्या चढणीवरचं प्रसिद्ध गाव, गेलं बहीण क्रिस्टिनकडे आणि एव्हन टिरेल आलं कॉन्स्टन्सकडे. म्हणजे पैजेने विटा आणल्या असतील बापडी, पाया मात्र बायकोच्या माहेरच्या जमिनीत आहे. सगळीकडे गोष्ट सांगतात ती घोड्याची. हे काही फक्त इंग्लंडात होतं असं नाही, कितीतरी वाड्यांच्या कागदपत्रांत हेच सापडतं.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण घर कसं बांधलं यापेक्षा ते कशावर चालतं हे बघायचं असतं. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात ना, कौलं उतरवून फुटकी बदलून परत लावायची, ते काम आणि त्याचा खर्च. प्रत्येक मोठ्या घराबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो की याची शाकारणी कोण करतं. एव्हन टिरेलच्या पहिल्या पिढीत उत्तर सोपं होतं, इस्टेटीचा खंड यायचा आणि नोकरचाकर होते.

आता आर्किटेक्ट, कारण हा माणूस या प्रकरणात खरा इंटरेस्टिंग. काम पहिल्यांदा गेलं होतं नॉर्मन शॉकडे, त्या काळातलं इंग्लंडमधलं सर्वांत बडं नाव, लंडनच्या पोलिसांचं न्यू स्कॉटलंड यार्ड त्यानेच बांधलं. शॉने हे काम आपल्या मुख्य असिस्टंटला देऊन टाकलं, विल्यम रिचर्ड लेथबीला. हाताखालच्या पोराने स्वतःचं ऑफिस थाटावं म्हणून आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक त्याच्या हातात द्यायचं, असा साहेब कुणाला मिळतो सांगा. लेथबीचे वडील डेव्हनमधल्या बार्नस्टेपल गावचे कारागीर, कोरीवकाम आणि सोन्याचा मुलामा देणं हा धंदा. तिशी ओलांडलेला लेथबी, स्वतःच्या जबाबदारीवरचं हे पहिलं मोठं घर, आणि डोक्यात भलतंच खूळ. १८९१ सालीच त्याचं एक पुस्तक आलं, जुन्या लोकांनी देवळं-राजवाडे बांधताना सूर्य, आकाश, दिशा, सगळं विश्व त्या इमारतीत कसं बसवलं याबद्दल.

ते खूळ घरात उतरलं असं म्हणायला जागा आहे, कारण एव्हन टिरेल हे कॅलेंडर घर. वर्षाचे दिवस ३६५ म्हणून खिडक्या ३६५, आठवडे ५२ म्हणून खोल्या ५२, महिने १२ म्हणून धुराडी १२, वार ७ म्हणून बाहेर जायची दारं ७. मी एकदा फोटो झूम करून मोजायला बसलो होतो. दक्षिणेकडच्या बाजूला एका ओळीत त्रिकोणी माथे आणि त्याखाली पुढे आलेल्या खिडक्या आहेत, त्यांतली एकेक खिडकी पुन्हा लहान लहान कप्प्यांची, मग तो कप्पा एक खिडकी धरायचा की अख्खी मिळून एक? शंभराच्या पुढे कुठेतरी नाद सोडला. धुराडी मात्र मोजता येतात, तीही सगळ्या बाजूंचे फोटो असतील तर.

बाहेरून घर विटांचं, दगडाचं काम जागोजागी, मोठं पण भपकेबाज नाही. मॅनर्स घराण्याच्या चिन्हात मोर आहे, पिसारा फुलवलेला, आपल्याकडे तो पैठणीच्या पदरावर येतो, तिकडे लॉर्डांच्या शिक्क्यावर. आतमध्ये खरी गंमत. दिवाणखान्याच्या छताला अर्नेस्ट जिमसनच्या हातचं प्लास्टरचं काम आहे. जिमसन म्हणजे पुढे ज्याच्या खुर्च्या-कपाटं म्युझियममध्ये गेली तो, तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेला, आणि प्लास्टर कसं करतात हे शिकायला तो स्वतः कारागिरांबरोबर काम करत होता, नुसतं कागदावर डिझाईन काढून पाठवणाऱ्यातला नव्हे. ओलं प्लास्टर हाताने दाबून, वळवून पानंफुलं काढायची, साच्यातून काढल्यासारखी एकसारखी येत नाहीत, बोटाचा दाब दिसतो. आणि शेकोट्यांना लावलेले संगमरवर, वेगवेगळ्या रंगांच्या शिरांचे, साधे सपाट तुकडे जोडून बसवलेले. लेथबीचं म्हणणंच ते होतं की दगडाला दगड राहू द्या, उगाच त्यावर नक्षीचा मारा नको.

पुढे हा माणूस घरं बांधायचा जवळपास थांबलाच. दहा-बारा वर्षांत मोजक्या इमारती, शेवटी हेरफर्डशरमध्ये ब्रॉकहॅम्प्टनला एक चर्च, काँक्रीटच्या छतावर गवताचं शाकारलेलं, आणि मग शिकवणं. लंडनच्या कौंटी कौन्सिलने १८९६ साली सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स काढलं ते चालवणाऱ्यांत लेथबी पहिल्या दिवसापासून, तिथे दिवसभर कारखान्यात राबणारी उमेदवार पोरं संध्याकाळी येऊन सोनारकाम, बांधणी, छपाई शिकायची. दुसरं म्हणजे विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी जी सोसायटी काढली त्यात हा पुढे. त्या सोसायटीचं सांगणं थोडक्यात असं की इमारतीकडे रोज लक्ष द्या, गळलं तिथे लगेच ठिगळ लावा, म्हणजे पाडून नवं बांधायची आणि नटवायची वेळ येत नाही. शाकारणी! आणखी काय. ज्याच्या हातचं हे घर तोच माणूस पोरांना हाताचं काम शिकवणारा आणि शाकारणीवर श्रद्धा असलेला निघाला. त्याला अर्थातच कल्पना नव्हती की पन्नास-साठ वर्षांनी याच घरात लंडन-बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांतली पोरं राहायला येतील.

मधला काळ. घराने सुख फार बघितलं नाही. मेरी क्रिस्टिन ही मुलगी १९०४ साली वारली, भारतात. तिच्या आठवणीसाठी लॉर्ड मॅनर्सनी जवळच्या थॉर्नी हिलला डेटमार ब्लो या आर्किटेक्टकडून चर्च बांधून घेतलं, १९०६ चं. मग १९१४. मुलगा जॉन, साधारण या घराच्याच वयाचा, वडिलांच्याच ग्रेनेडियर गार्ड्समध्ये लेफ्टनंट, युद्ध सुरू होऊन महिना झाला नाही तोच १ सप्टेंबरला फ्रान्समध्ये व्हिलर-कोतरेच्या जंगलात मारला गेला. त्यानंतर युद्धाच्या काळात हे घर न्यूझीलंडच्या जखमी अधिकाऱ्यांना बरं होण्यासाठी दिलेलं होतं. कारण जवळच ब्रॉकनहर्स्ट गावात न्यूझीलंडवाल्यांचं मोठं लष्करी हॉस्पिटल.

आणि त्या हॉस्पिटलच्या आधी, १९१४-१५ मध्ये, त्याच ब्रॉकनहर्स्टला भारतीय जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. आडवाटेला जातोय पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या ९३ सैनिकांच्या कबरी आहेत आणि त्यांच्याबरोबर एक कबर सुखाची आहे. बरेलीचा. सफाईचं काम करणारा. जानेवारी १९१५ मध्ये गेला. तेव्हा हिंदूंनी त्याला आपल्यात दहन करू दिलं नाही, मुसलमानांनी आपल्यात पुरू दिलं नाही, जातीमुळे, असं सांगतात, शेवटी गावच्या पाद्र्याने आपल्या आवारात जागा दिली आणि दगडाचा खर्च गावकऱ्यांनी वर्गणी काढून केला. तो माणूस सातासमुद्रापार जाऊन मेला आणि जात त्याच्या आधी बोटीतून उतरून उभी होती.

असो. घराकडे येऊ.

तिसरे लॉर्ड १९२७ साली गेले आणि मुलगा फ्रान्सिस गादीवर आला. इंग्लंडमध्ये तोवर अशा घरांचं गणित पार फिरलेलं. माणूस मेला की इस्टेटीवर जो टॅक्स बसायचा तो १८९४ साली सुरू झाला तेव्हा मोठ्यात मोठ्या इस्टेटीला ८ टक्के होता, १९१९ ला ४० टक्के झाला, १९४९ ला ८० टक्के. शंभरातले ऐंशी. त्यात शेतीचा खंड घसरलेला, आणि युद्धात कारखान्यात जाऊन आलेल्या मुली परत कुणाच्या घरी कोळशाच्या बादल्या जिने चढवत न्यायला तयार नव्हत्या, का असाव्यात. आता १२ धुराड्यांचं घर म्हणजे खाली किती शेकोट्या, त्यांची राख रोज कोण काढणार? कॅलेंडर घर ही कल्पना फार गोड आहे, पण ती झाडणाऱ्याच्या बाजूने कुणी मोजलेली नसते. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी हजाराच्या वर घरं पाडली गेली, १९५५ साली तर दर पाच दिवसाला एक या वेगाने. दिवाणखान्यातली लाकडी तावदानं, शेकोट्या, जिने सुटे करून लिलावात विकायचे आणि बाकी सुरुंग.

एव्हन टिरेलचं तसं झालं नाही. १९४६ साली चौथ्या लॉर्ड मॅनर्सनी घर आणि भोवतालची ६५ एकर जमीन देशातल्या तरुणांसाठी म्हणून ट्रस्टमध्ये देऊन टाकली. हे मोठ्या मनाचं काम होतं का? होतंच. आणि सुटका होती का? तीही होती, आणि हे बोलण्यात त्यांचा अपमान नाही. दान देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची गरज एकाच वेळी जुळली की ते दान टिकतं असा माझा अनुभव आहे, नुसत्या भावनेच्या भरात दिलेल्या वास्तू पुढच्या पिढीत कोर्टात जातात. दुसरी गोष्ट शब्दांची. अमुक संस्थेला बक्षीस असा मामला नव्हता, घर कशासाठी हे देतानाच बांधलेलं होतं. चालवणारी संस्था नाव बदलेल, माणसं बदलतील, पण घराला विचारलं तू कुणाचं तर उत्तर ठरलेलं.

घेणारी संस्था कोण, तर मुलींचे क्लब. आणि इथे मराठी वाचकाला शाळेतला इतिहास आठवेल. लंडनमध्ये लिली माँटेग्यू नावाची बाई होती, श्रीमंत ज्यू बँकरची मुलगी, तिने विसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, शिवणकामाच्या आणि टोप्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींसाठी क्लब काढला. त्याच्याही आधी, १८८० पासून, मॉड स्टॅन्ली यांनी सोहो भागात असाच क्लब चालवलेला. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जायला एक उबदार खोली, थोडं शिकणं, थोडं गाणं, आणि मालक पगार कापतो तर काय करायचं याची माहिती. १९११ साली या सगळ्या क्लबांची देशपातळीवरची संघटना झाली, त्यात लिली माँटेग्यू अर्थातच. आता या लिलीचा धाकटा भाऊ कोण? एडविन माँटेग्यू. भारतमंत्री. १९१९ च्या कायद्यामागच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, पाच मार्कांच्या प्रश्नाला आपण सगळ्यांनी लिहिलेल्या, त्यातला माँटेग्यू. बरं, हा एडविन पंतप्रधान आस्क्विथ यांच्या खास गोटातला, आणि त्याच आस्क्विथांचा मुलगा आर्थर १९१८ साली एव्हन टिरेलचा जावई झाला, मॅनर्सांच्या बेटीशी लग्न करून. म्हणजे जी मंडळी दिवाणखान्यातून आत आली होती त्यांच्यातल्याच एकाच्या बहिणीने उभी केलेली, टोप्या शिवणाऱ्या मुलींची संघटना तीस वर्षांनी घराची मालकीण. मला ही साखळी घोड्याच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते, पण ती कुणी सांगत नाही कारण तिच्यात बर्फ नाही आणि शर्यत नाही.

तोवर या संघटनेत मुलांचे-मुलींचे एकत्र क्लबही आले होते. पुढे नाव बदलत बदलत १९६१ ला ती नॅशनल असोसिएशन ऑफ यूथ क्लब्ज झाली आणि शेवटी यूके यूथ.

१९४९ साली राजकन्या एलिझाबेथ यांच्या हस्ते केंद्राचं रीतसर उद्घाटन झालं. पण तिथे चालायचं काय? इथे एक गैरसमज काढतो. आज असं केंद्र म्हटलं की डोळ्यापुढे दोरीवरून लटकणारी, चिखलात लोळणारी पोरं येतात, सुरुवातीला ट्रेनिंग म्हणजे मुख्यतः क्लब चालवणाऱ्यांचं ट्रेनिंग. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने सर्क्युलर काढलं की १४ ते २० वयाच्या मुलामुलींकडे कुणी लक्ष देत नाही, जिल्ह्याजिल्ह्यात यूथ कमिट्या करा. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ते पक्कं केलं. क्लब भराभर निघाले, पण चालवणार कोण? गिरणीतला फोरमन, पोस्टातली बाई, चर्चमधला वाजंत्री, संध्याकाळी दोन तास वेळ देणारी साधी माणसं. पंचवीस दांडगट पोरांसमोर उभं राहायचं कसं, हिशेब कसा ठेवायचा, नाटुकलं कसं बसवायचं, दोन पोरं हातघाईवर आली की काय करायचं, हे त्यांना शिकवायचं तर कुठेतरी चार दिवस एकत्र राहायला हवं. ५२ खोल्यांचं घर त्यासाठी आयतं मिळालं.

आणि राहण्यातच सगळं असतं हो. शिबिरवाल्यांना हे सांगायला नको. दिवसा तुम्ही काय शिकवता ते निम्मं विसरलं जातं, रात्री भांडी घासताना ज्या गप्पा होतात त्या राहतात. त्यात ज्या पोरीने जन्मात दोन खोल्यांच्या पलीकडचं घर पाहिलं नाही ती जिमसनच्या छताखाली बसून घोंगड्याची घडी कशी घालायची यावर वाद घालते. हे घर तिला दाखवायला आणलेलं नाही, दोरी लावून पाटी ठेवलेली नाही, ती तिथे झोपते. राजवाडे बघायला तिकीट काढून जाणं वेगळं.

१९५७ साली याच संघटनेत फॅब नावाचं काम सुरू झालं, अपंग मुलं आणि धडधाकट मुलं एकाच क्लबात, एकाच शिबिरात. आज हे ऐकायला साधं वाटतं, तेव्हा अपंग पोरांची सोय म्हणजे वेगळी शाळा, वेगळी बस, वेगळं सगळं. १९६० मध्ये यूथ सर्व्हिसवरचा, म्हणजे तरुणांसाठीच्या सरकारी कामावरचा, अल्बमार्ल बाईंच्या कमिटीचा रिपोर्ट आला, सक्तीची लष्करभरती त्याच वर्षी बंद होत होती म्हणजे अठराव्या वर्षी जी पोरं बराकीत जायची ती आता रस्त्यावर राहणार होती, आणि सरकारने हात सैल सोडला. पूर्ण वेळचे यूथ लीडर घडवायला १९६१ ला लेस्टरमध्ये वेगळं कॉलेज निघालं. एव्हन टिरेलसारख्या ठिकाणांकडे मग स्वयंसेवक, आणि हळूहळू खुद्द पोरंच जास्त यायला लागली. गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं चित्र म्हणाल तर शाळांच्या सहली, तळ्यात होड्या, तंबू, लॉजमध्ये बंक बेड. ट्रेनिंग सेंटरचं आउटडोअर सेंटर झालं. काही जुन्या मंडळींना हे उतरती कळा वाटते, मला तसं वाटत नाही, पण त्याचं कारण मात्र आदर्शवादी नाही. कारण पैसा. क्लब चालवणाऱ्या पोस्टातल्या बाईंकडून फी किती घेणार? शाळा फी देते.

आता शाकारणीकडे येतो, कारण हे सगळं प्रकरण शेवटी छपरावर येऊन थांबतं. १९४७ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये इमारतींच्या याद्या झाल्या आणि एव्हन टिरेल ग्रेड वन मध्ये आहे. यादीतल्या दर १०० इमारतींत अडीच इमारती फक्त या वर्गात, म्हणजे कॅथीड्रल आणि राजवाड्यांच्या पंगतीत. मान मोठा, पण अर्थ काय, तर कौल बदलायचं तर तसंच कौल, खिडकीची चौकट कुजली तर तशीच चौकट, भिंत पाडून चार बाथरूम काढायची म्हटलं तर आधी परवानगी. ३६५ खिडक्या! आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या सुरक्षेचे नियम, जे बरोबरच आहेत. १९९३ च्या मार्चमध्ये लाइम बे इथे कायाक घेऊन समुद्रात नेलेली चार शाळकरी मुलं मेली, त्यात त्यांना नेणाऱ्या सेंटरचा हलगर्जीपणा उघड झाला आणि १९९५ ला संसदेने कायदा केला, त्यानंतर धोक्याच्या खेळांना लायसन्स, तपासण्या, प्रशिक्षित माणसं. म्हणजे एकाच कॅशबॉक्समधून दोन्ही, संगमरवरी शेकोटीला तडा जाऊ नये म्हणून पैसे आणि पोराच्या हेल्मेटला तडा जाऊ नये म्हणूनही. त्यात २०१० नंतर इंग्लंडमधल्या नगरपालिकांनी यूथ सर्व्हिसवरचा खर्च निम्म्याहून खूप खाली आणला. जे सरकार एका हाताने म्हणतं हे घर राष्ट्राचा ठेवा आहे, ते दुसऱ्या हाताने त्यातल्या पोरांचे पैसे काढून घेतं. हा मला या प्रकरणातला सगळ्यात चीड आणणारा भाग वाटतो.

तर मला विचारतात, हा प्रयोग जमला की फसला? मी म्हणतो तुम्ही कुठल्या वर्षी विचारता त्यावर आहे. घर वाचलं, हे नक्की, १९४६ ला ट्रस्ट झाला नसता तर पन्नासच्या दशकात त्या छताचं काय झालं असतं सांगता येत नाही. माणसं घडली. पण देणगीत घर आलं, जमीन आली, हेतू आला, आणि त्या घराच्या शाकारणीची सोय प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागली. लॉर्डांच्या काळात खंड, मग सरकारी ग्रँट, मग शाळांच्या फिया. दर वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी हिशेबाची वही उघडून बसलंय आणि डोक्याला हात लावलाय.

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीकडचे एक काका आले होते, दोन चौकांचा वाडा, माडी शाबूत, विहिरीला बारमाही पाणी. सगळं ऐकून घेतलं, म्हणाले ते इंग्लंडचं राहू दे रे, आमच्याकडे काढायचं का नाही ते सांग. मी म्हटलं काका, घर शाकारायला गेल्या वर्षी किती खर्च आला? त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला मला नाही माहीत, मधल्याला विचार. मधला म्हणाला वहिनी बघते ते सगळं. वहिनींचा फोन दुपारी आला आणि त्यांना आकडा पाठ होता, कौलांचा वेगळा, मजुरीचा वेगळा, वाशाला वाळवी लागली होती तो वेगळा. मी काकांना म्हटलं, तुमच्या ट्रस्टमध्ये पहिलं नाव या बाईंचं घाला, मग आपण बोलू.